तीन वीकएंड, बोकडाचा जबडा आणि दीड पेशंट

बार्शीत माझा दवाखाना आहे, बारा वर्षं झाली. रूट कॅनाल, कॅप, कवळ्या, अक्कलदाढा हे रोजचं. इम्प्लांटची, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायची, केस असली की सोलापूरहून सर्जन यायचे, लावून जायचे आणि मी माझ्याच दवाखान्यात सक्शनची नळी धरून उभी. बीडीएसला इम्प्लांट पुस्तकात होता, हातात कधी आलाच नाही. शेवटी गेल्या वर्षी पुण्यातल्या एका सेंटरचा हँड्स-ऑन कोर्स केला. तीन वीकएंड मिळून सहा दिवस, 72,000 रुपये, वर जीएसटी. सेंटरचं नाव लिहीत नाही. कुरकुर बरीच करणार आहे आणि शिकवणाऱ्या सरांवर माझा राग अजिबात नाही.

पहिली सकाळ स्लाइडमध्ये गेली. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क, त्यांच्या प्रयोगातले 1952 चे ससे, हाडाला घट्ट धरून बसलेलं टायटॅनियम, 1965 चा पहिला पेशंट. कॉलेजात पाठ केलेलंच सगळं. पहाटेची एसटी धरून आलेल्यांनी सरळ डुलक्या काढल्या, त्यात मीही होते.

जाग आली ती दुपारी, बोकडाचे जबडे टेबलावर आले तेव्हा. सरांनी आधी मुद्दाम सलाईनची नळी बंद करून ड्रिल मारायला लावलं. दहा-बारा सेकंदांत जळका वास आला. तोच, केस जळल्यासारखा. "हाड 47 अंशांवर मिनिटभर राहिलं तरी मरतं," सर म्हणाले, "आणि मेलेल्या हाडाला इम्प्लांट चिकटत नाही." हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं. पण वास नाकात बसल्यापासून दवाखान्यात ड्रिल हातात घेण्याआधी नळीतून पाणी येतंय का हे मी दोनदा बघते.

दुसरी शिकवणी बोटांची. 2 मिलिमीटरचं पायलट ड्रिल, म्हणजे पहिलं बारीक भोक पाडणारं, वरचं कडक हाड ओलांडतं तेव्हा हात एकदम हलका पडतो, आत ओढल्यासारखा. इथेच नवखा माणूस जोर लावतो आणि भलतीकडे पोचतो. दुपारभर तेवढंच केलं: थांब, वर काढ, धू, परत.

साइनस लिफ्टची (वरच्या जबड्यात हाड कमी असलं की वरच्या पोकळीचा पापुद्रा उचलून जागा करायची) ओळख कच्च्या अंड्यावर. कवच गोल घासत न्यायचं आणि आतला पापुद्रा फाटू द्यायचा नाही. माझी दोन अंडी फुटली, तिसरं टिकलं. शेजारी लातूरचे एक डॉक्टर होते, वय पंचावन्न असेल. त्यांचं पहिलंच जमलं आणि त्यांनी ते फोटो काढून मिसेसना पाठवलं.

आता कुरकुर. माहितीपत्रकात 'प्रत्येकी दोन लाइव्ह केस' असं होतं. माझ्या वाट्याला दीड आली. एक पूर्ण, दुसरीत मी फ्लॅप उघडला (हिरडी कापून बाजूला केली), पायलट मारलं आणि पुढचं दुसऱ्या डॉक्टरांना दिलं, कारण पेशंट कमी आणि आम्ही चौदा जण. हातमोजे फक्त मीडियम आणि लार्ज. माझा हात सहा नंबरचा. बोटांच्या टोकाला रबर लोंबत असताना इम्प्लांटचं तोंड झाकणारा एवढासा कव्हर स्क्रू धरून दाखवा कुणी! दुसऱ्या वीकएंडला इम्प्लांट कंपनीचा माणूस येऊन पाऊण तास 'आजच किट बुक केलं तर' करत बसला. तो पाऊण तास नेमका इम्प्रेशनच्या (कॅपसाठी माप घ्यायच्या) सेशनमधून कापला गेला. ओपन ट्रे, क्लोज्ड ट्रे, स्क्रूची कॅप की सिमेंटची, चावताना जोर कुठे पडतो, हे सगळं अर्ध्या तासात उरकलं. खरं तर माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिसवालीचं निम्मं काम तेच. ते मी नंतर सोलापूरच्या लॅबवाल्याकडून फोनवर शिकले.

पण ती एक पूर्ण केस! खालची उजवी पहिली मोठी दाढ, 46 नंबर. सीबीसीटीवर (जबड्याच्या थ्रीडी स्कॅनवर) खालच्या जबड्यातल्या नसेच्या वर साडेतेरा मिलिमीटर हाड. नसेपासून 2 सोडायचे म्हणून मी हिशेब केला आणि साडेअकराचा इम्प्लांट सांगितला. सरांनी लांबीच्या खुणा असलेलं ड्रिल माझ्या नखावर टेकवलं. "खूण कुठून सुरू होते बघा. पुढचं टोक त्यात धरलेलं नाही." ते टोक खुणेच्या पुढे जवळपास मिलिमीटरभर जातं. दहाचा घेतला. बाईंचं तोंड जेमतेम अडीच बोटं उघडत होतं, त्यामुळे हँडपीसचं डोकं पुढं झुकलं आणि टोक मागच्या दाढेच्या मुळाकडे निघालं. मला ते कळलंही नाही. भोकात पिन घालून एक्स-रे काढला तेव्हा दिसलं. सरांनी हातातून हँडपीस घेतला नाही, फक्त माझं कोपर वर उचललं. पायलटवरच सापडलं म्हणून सरळ करता आलं. शेवटी इम्प्लांट पिळायचा रेंच 35 न्यूटन-सेंटिमीटरवर टक्कन वाजला आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळला.

सरांचं खरं मोल कोर्सनंतर कळलं. व्हॉट्सअ‍ॅपवर सीबीसीटी पाठवला की रात्री अकरालाही उत्तर येतं. माझी पहिली ठरवलेली केस त्यांनी थांबवली. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 9.4 आणि बाई दिवसातून चार वेळा मशेरी लावणाऱ्या. "आधी शुगर, मग मशेरी, मग आपण." त्या बाई अजून माझ्यावर रुसलेल्या आहेत. आठ महिन्यांत सहा इम्प्लांट लावले. त्यातला एक, वरच्या मऊ हाडातला, तिसऱ्या महिन्यात हीलिंग कॅप (हिरडीला आकार देणारी टोपी) लावताना बोटाने फिरला, म्हणजे हाडाने धरलाच नव्हता. काढला. पैसे परत दिले. सरांनी फोटो बघून विचारलं, "पेशंट कवळी घालत होता का वरून?" घालत होता. इम्प्लांटवर दाब पडू नये म्हणून ती सैल करून द्यायला मीच विसरले होते.

जाणार असाल तर स्वतःच्या मापाचे हातमोजे न्या, लूप्स (भिंगाचा चष्मा) असतील तर तेही. पैसे भरण्याआधी बॅचमध्ये डॉक्टर किती आणि पेशंट किती, हे लेखी मागा. पुढच्या लेव्हलसाठी मीही मागितलंय. फी, तारखा, जेवणाचा मेनू सगळं आलं, पेशंटचा आकडा तेवढा अजून आलेला नाही.