जुना रे-बॅन एव्हिएटर: काचेवर 'बीएल' की 'आरबी'?

कपाटातून निघालेला किंवा जुन्या बाजारात हाती लागलेला रे-बॅन एव्हिएटर गॉगल दोनपैकी एका घराण्यातला असतो. १९३७ पासून हा ब्रँड अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या बॉश अँड लॉम्बचा होता. १९९९ मध्ये तो इटलीच्या लक्सॉटिकाकडे गेला. दिसायला दोन्ही सख्खे भाऊ, पण संग्राहक पैसे मोजतात ते पहिल्यासाठी. रोज घालायचा असेल तर मात्र आम्ही बेधडक दुसरा सुचवू: नोज पॅड (नाकावर टेकणाऱ्या गाद्या), स्क्रू, काचा, सगळं सहज मिळतं.

ओळख काचेपासून सुरू करा. कोमट पाण्यात थेंबभर लिक्विड सोप घालून काच धुवा, सुती कापडाने टिपा आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. बिजागरीजवळच्या कडेला, दहापट भिंगातून, मुंगीहून लहान अक्षरं बहुधा दिसतील. 'बीएल' असेल तर बॉश अँड लॉम्ब, 'आरबी' असेल तर लक्सॉटिका. दोन्ही काचा तपासा. फ्रेम जुनी आणि काच 'आरबी', असं बऱ्याचदा निघतं. म्हणजे काच बदललेली आहे, आणि तिथेच किंमत घसरते.

मग फ्रेम. जुन्या अमेरिकी जोडीवर 'बी अँड एल रे-बॅन यू.एस.ए.' असा ठसा असतो. लक्सॉटिकाच्या काडीच्या आत 'आरबी३०२५' हा मॉडेल नंबर, रंगाचा कोड आणि ५८-१४ सारखं माप छापलेलं असतं. ५८ म्हणजे काचेची रुंदी आणि १४ म्हणजे दोन काचांमधलं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बॉश अँड लॉम्बचा भारतातला कारखाना राजस्थानात भिवाडीला होता, त्यामुळे नव्वदीतली घरातली जोडी अमेरिकीच असेल असं धरून चालू नका.

काचेवरच्या पांढऱ्या लोगोने पुष्कळ जण फसतात. तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आला. 'लोगो नाही म्हणजे डुप्लिकेट' म्हणून अस्सल जुनी जोडी कवडीमोलाने देऊन टाकू नका. उलट, सत्तरच्या दशकातली म्हणून विकायला ठेवलेल्या जोडीवर लोगो असेल, तर एक तर काच नंतरची, नाही तर साल चुकीचं.

'१/३० १०के' हा ठसा पाहून सोनाराकडे धावू नका. त्याचा अर्थ, धातूच्या वजनाचा तिसावा भाग १० कॅरेट सोनं. १५ ग्रॅम धातू धरला तरी शुद्ध सोनं जेमतेम ०.२ ग्रॅम भरतं. किंमत आहे ती अखंड जोडीची.

ती जोडी खराब होते ती बहुधा नोज पॅडच्या तारेपाशी. घामाने तिथे हिरवा कळंक चढतो. मऊ टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने तो काढा. पितांबरी किंवा ब्रासो लावलंत तर कळंकाबरोबर मुलामाही जाईल. स्क्रूजवळ काचेचा टवका उडालाय का तेही पाहा. मापाला न बसणारी काच घालून स्क्रू जोरात आवळला की तिथेच उडतो, आणि तो भरून काढता येत नाही.

भाव ठरवताना विक्रेते सांगतात त्या किमती बाजूला ठेवा. ईबेवर 'विकले गेलेले' हा फिल्टर लावा, आणि तेच माप, त्याच रंगाची काच, तोच ठसा असलेल्या पाचसहा जोड्या कितीला गेल्या ते पाहा. मूळ केस सोबत असेल तर थोडं वर जा. एखादी काच बदललेली असेल तर बरंच खाली या.