पाटी काढावी, की शेजारी दुसरी लावावी?

जुन्या संस्थेच्या विश्वस्त मंडळात असाल तर आज ना उद्या हा विषय तुमच्याही सभेत येईल. दाराशी एखादी कोनशिला असते, शंभर वर्षं तिच्याकडे कुणी पाहत नाही, आणि एक दिवस कुणी तरी ती मोठ्याने वाचतं. मग विचारणा होते, हे अजून इथं कसं?

अशा वेळी हाती खरे दोनच मार्ग असतात. पाटी काढून आत सांभाळून ठेवायची, किंवा जागेवरच ठेवून शेजारी दुसरी लावायची. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या संस्थेत आम्ही आधी पहिला मार्ग धरला आणि सहा वर्षांनी दुसऱ्यावर आलो. दोन्ही वेळा ठरावावर माझी सही होती. जो मार्ग मला पटला तो सगळीकडे चालेल असं नाही, पण ज्यांना ठरवायचं आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

झाकून टाकणं हा तिसरा मार्गही सुचवला जातो. २०२१ मध्ये आमच्याच शहरात सम्राट मिहिर भोजांच्या नव्या पुतळ्याचं अनावरण झालं. पुतळा सगळ्यांनाच हवा होता. वाद पेटला तो पाटीवर नावाआधी कोरलेल्या 'गुर्जर' या शब्दावरून. गुर्जर आणि राजपूत दोघांचा हक्क, शेवटी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि पाटी झाकायचा आदेश झाला. तंटा वाढू नये म्हणून तात्पुरता तो उपाय ठीक असेल. संस्थेच्या भिंतीवर कायमचं फडकं कोण ठेवणार?

आता आमची पाटी. वाळूच्या दगडाची, दीड हात रुंद, बालबोध अक्षरांत. ज्या घराण्याने इमारतीला जागा दिली त्याच्या मूळ पुरुषाबद्दल तीत लिहिलं आहे, 'गदराचे धामधुमीत सरकारचे पायाशी इमान राखिले'. सहा शब्द, आणि त्यातल्या दोनांवर सगळं भांडण.

'गदर' का खुपतो ते उघड आहे. ज्याला आपण स्वातंत्र्यसमर म्हणतो त्याला ही पाटी दंगा म्हणते. 'सरकार'चं कोडं मात्र ग्वाल्हेरबाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. त्याला वाटतं, सरकार म्हणजे कंपनी सरकार. इथल्या मराठी घरांत जुनी माणसं नुसतं 'सरकार' म्हणाली की ते शिंदे सरकारच असतं. १ जून १८५८ रोजी ग्वाल्हेरलगतच्या मुरारजवळ जयाजीराव शिंदे फौज घेऊन तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाईंच्या समोर उभे राहिले, आणि त्यांची बहुतेक फौज तिकडे जाऊन मिळाली. महाराज, दिवाण दिनकरराव राजवाडे आणि थोडी विश्वासातली माणसं आग्र्याला निघून गेली. पाटीवरचा पुरुष त्या थोड्यांपैकी. पडत्या काळात धन्याला सोडलं नाही असं म्हणा, किंवा इंग्रजांच्या आश्रयाला गेला असं म्हणा, दोन्ही खरंच आहे.

बरं, आमच्या मंडळात ज्या घरांची माणसं बसतात त्यांतल्या काहींचे पूर्वज महाराजांबरोबर गेले आणि काहींचे त्या सकाळी मुरारला पलीकडे गेले. एकमेकांच्या घरी गौरी-गणपतीला जाणारी ही माणसं. वाद शिंदे आणि झाशी असा सरळ असता तर बरं झालं असतं, पण राणी तांब्यांची लेक आणि शिंदे आमचे अन्नदाते. आमच्यासाठी दोन्हीकडे घरचीच माणसं होती. त्याच जूनमध्ये राणी फुलबागेच्या परिसरात पडल्या. ज्यांनी ग्वाल्हेरचा खजिना बंडवाल्यांना मोकळा करून दिला त्या अमरचंद बांठियांना सराफ्यात कडुनिंबाला फाशी दिलं गेलं. फुलबागेतली समाधी, सराफ्यातलं ते झाड आणि आमची पाटी, तिन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या आणि चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

पहिला मार्ग आम्हाला सोयीचा वाटला. एक ठराव, एक गवंडी, अर्धा दिवस. पाटी ग्रंथालयामागच्या खोलीत ठेवली. फोडली नाही, विकली नाही, इतिहासाचा अवमान केला नाही, अशी आमची स्वतःची समजूत होती. या मार्गाला मोठमोठ्या शहरांची साक्षही आहे. मुंबईत ससून यांनी दिलेला युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेत नेला. तिथं तो मी पाहिला आहे. झाडांच्या सावलीत बरा उभा आहे, कुणाला त्रास नाही. पण ज्या चौकातून तो गेला त्याला लोक आजही काळा घोडाच म्हणतात, आणि २०१७ मध्ये तिथं पुन्हा एक घोडा बसवावा लागला, या वेळी स्वाराविना. घोडा लोकांचा होता, राजपुत्र कुणाच्या फारसा लक्षात नव्हता. हलवण्याने तिथं निदान काही बिघडलं नाही.

आमच्याकडे बिघडलं. कारण फार क्षुल्लक वाटेल: भिंतीवर उरलेला रिकामा चौकोन.

मूळ पाटी चुन्यात बसवलेली होती. गवंड्याने खाच सिमेंटने बुजवली. चुन्याच्या भिंतीत सिमेंटचं ठिगळ नीट धरत नाही. पहिल्याच पावसाळ्यात ओल आली, रंगाचे पोपडे निघाले. पुन्हा रंगवलं, पुन्हा निघाले. दीड हाताचा तो काळपट चौकोन बरोबर दाराच्या उजवीकडे, डोळ्यांच्या उंचीवर. जी पाटी शंभर वर्षं कुणी वाचली नव्हती तिची जागा आता येणारा प्रत्येक जण पाहू लागला. इथं काय होतं? शिपाई सांगायचा, चोरीला गेली. एक मास्तर मुलांना सांगत, इंग्रजांची होती म्हणून फोडली. ज्याला जे वाटेल ते त्या चौकोनात भरलं जात होतं.

दिल्लीत इंडिया गेटच्या छत्रीखालून पंचम जॉर्जचा पुतळा १९६८ मध्ये काढला. त्यानंतर ती छत्री ५० हून अधिक वर्षं रिकामी होती. २०२२ मध्ये तिथं नेताजी आले. लहानपणापासून दिल्लीला गेलो की ती रिकामी छत्री दिसायची आणि वडिलांना विचारायचो की इथं कोण होतं. आमच्या भिंतीने तेच लहान प्रमाणात केलं. खुद्द पुतळा शहराच्या उत्तरेला कॉरोनेशन पार्कात आहे, आणि तो पाहायला मुद्दाम किती जण जातात हे तिथं एकदा जाऊन आल्यावर कळतं.

निकाल लागला तो एका भेटीत. पाटीवरच्या घराण्यातल्या एका आजींनी मला बाड्यावर, म्हणजे आमच्या लष्करातल्या बाजारचौकात, थांबवलं. हातात भाजीची पिशवी, बरोबर नातू. म्हणाल्या, "काय हो, आमच्या पूर्वजांनी राणीला पकडून दिलं असं त्या पाटीवर होतं म्हणे? म्हणून काढलीत?" मी म्हटलं, आजी, असं काही नव्हतं, चला, आत्ता दाखवतो. त्यांना रिक्षाने घेऊन आलो. खोलीला कुलूप, किल्ली एकट्या चिटणीसांकडे आणि ते मुलीकडे पुण्याला गेलेले. आजी त्या चौकोनापुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. पाटी जागेवर असती तर नातवाने तिथंच वाचून दाखवली असती. जे पाटीने कधी म्हटलं नव्हतं ते तिच्या नसण्याने गावभर झालं होतं. पुढच्या सभेत मी स्वतःच्याच ठरावाविरुद्ध बोललो.

दुसऱ्या मार्गाचा उत्तम नमुना मला दिल्लीतच भेटला. तिथल्या रिज नावाच्या टेकडीवर इंग्रजांनी १८६३ मध्ये उभारलेलं १८५७चं स्मारक आहे, त्यांच्या बाजूने लढलेल्यांचं. त्याला १९७२ मध्ये अजितगड नाव दिलं आणि एक पाटी जोडली: या स्मारकावर ज्यांना 'शत्रू' म्हटलं आहे ते परकीय सत्तेविरुद्ध उठलेले, देशासाठी शौर्याने लढलेले लोक होते. जुनं अक्षर एकही खरवडलेलं नाही. दोन्ही वाचताना मला जे कळलं ते कुठल्याही एका पाटीने कळलं नसतं.

कोरेगाव भीमाचा स्तंभ तर याहून पुढची गोष्ट सांगतो. कंपनीने १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर तो आपल्या पराक्रमासाठी बांधला. त्यावर 'नाक'ने संपणारी महार सैनिकांची नावं होती. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथं गेले आणि कंपनीच्या स्तंभाचा अर्थच पालटला. तो कुठल्या बागेत हलवून ठेवला असता तर ती नावं शोधत कोण गेलं असतं?

दुसरा मार्ग सोपा नाही, हे आधी सांगायला हवं. पाच ओळींच्या मजकुराला आम्हाला चार महिने लागले. 'पळून गेले' की 'निघून गेले' यावर दोन सभा झाल्या. राणींची पुण्यतिथी कुणी १७ जून मानतं, कुणी १८. शेवटी 'जून १८५८' एवढंच कोरलं. एका ज्येष्ठ सदस्यांचा आग्रह होता की पुढचंही यावं: इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला स्वतःकडे ठेवला, आणि १८८६ मध्ये शिंद्यांनी झाशी दिली तेव्हा तो परत मिळाला. मला ते आधी अवांतर वाटलं होतं. कोरून झाल्यावर लोक सगळ्यात जास्त थांबतात ते त्याच ओळीवर. 'सरकार' म्हणजे शिंदे सरकार हे लिहिलं, 'गदर' हा त्या काळच्या दरबारी भाषेतला शब्द आणि आम्ही त्याला स्वातंत्र्यसमर म्हणतो हेही लिहिलं. मुरारला पलीकडे गेलेल्या सैनिकांचा उल्लेख त्याच उंचीच्या अक्षरांत आला. त्या घरच्या मंडळींनी पहिल्यांदाच दाराशी फोटो काढून घेतला.

माझा कल कुणीकडे ते आता लपलेलं नाही. तरी पहिला मार्ग नेमका कुठे योग्य, तेही सांगतो. मजकूर रोज त्या दारातून जाणाऱ्या माणसाला त्याच्या जातीवरून, जन्मावरून खाली लेखणारा असेल तर शेजारी कितीही चांगली पाटी लावा, पहिली काढा. एकाने रोज अपमान गिळायचा आणि दुसऱ्यांनी त्यातून इतिहास शिकायचा हे बरोबर नाही. मोडतोडीची खरी भीती असेल तरी काढा. पण मग ती लोकांना दिसेल अशी ठेवा, आणि भिंतीवर लिहा की इथं काय होतं, कुठं नेलं, का नेलं. एवढं आम्ही पहिल्याच दिवशी केलं असतं तर कदाचित हा लेख वेगळ्या बाजूने लिहिला असता.

शेजारी पाटी लावणार असाल तर ती त्याच दगडाची, त्याच मापाची करा. आम्ही घाईत आधी ॲक्रिलिकची लावली होती; उन्हाने वर्षभरात पिवळी पडली आणि जुन्या दगडापुढे तिचं बोलणं कुणाला खरं वाटेना. आणि काढायचं ठरलंच, तर आधी फोटो घ्या, कागद ठेवून कोळशाने ठसा घ्या, आणि गवंड्याऐवजी पाथरवट बोलवा. आमच्या गवंड्याच्या पहारेने खालचा कोपरा उडाला आणि 'राखिले'मधला 'ले' गेला. पाथरवट म्हणाला, जोडून देतो, कळणारही नाही. मंडळाने नको म्हटलं. तो कोपरा कसा तुटला हे दुसऱ्या पाटीच्या शेवटच्या ओळीत, सालासकट, लिहिलेलं आहे.