आठ महिने एआय वापरून जाहिराती लिहितोय, जे झालं ते सांगतो

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका छोट्या टॉवेल-चादरवाल्यांकडं मी कामाला आहे. व्हॉट्सअॅपवर माल दाखवणं, इन्स्टाच्या पोस्ट, गुगलच्या जाहिराती, बॉक्सवर काय छापायचं, सगळं माझ्याच गळ्यात. शिक्षण बी.कॉम., कॉपीरायटिंग कुणी शिकवलेलं नाही. ऑगस्टपासून एआय वापरतोय, तीन टूल झाली, मधे दोन महिने पैसे भरून पण घेतलं. नावं घेत नाही, कारण थोडाफार ताप सगळ्यांनीच दिला.

पहिले तीन महिने नुसती चंगळ. आधी एका पोस्टला अर्धा दिवस जायचा, आता चहा यायच्या आत पाच तयार. अण्णा (मालक, घरात तेलुगू, दुकानात मराठी) पण खूश. मग दिवाळीच्या तोंडावर चादरीची पोस्ट लिहून घेतली आणि न वाचता टाकली. अण्णांनी ती दुकानात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली, "हातमागावर विणलेली, तुमच्या बेडला देईल रेशमी स्पर्श." चष्मा काढला आणि विचारलं, "चादर अंथरायची का पांघरायची बे? आणि हातमाग कुठाय आपल्याकडं, मला पण दाखव की." आता बाहेर चादर म्हणजे बेडशीट, त्यामुळं एआयला तरी काय बोलणार, पण मी सोलापूरचा ना! आपली चादर म्हणजे जाड सुती, जेकार्डची नक्षी असलेली, अंगावर घ्यायची. आणि आमचा सगळा माल पॉवरलूमचा, त्याला हातमाग म्हणून विकणं ही सरळ फसवणूक झाली.

टॉवेलचं पण तेच. मी आकडा दिलाच नव्हता, एआयनं आपल्या मनानं 600 जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) ठोकून दिलं. अण्णांनी 30 बाय 60 इंची टॉवेल काट्यावर टाकला, 465 ग्रॅम भरला, म्हणजे चौरस मीटरला 400 च्या आसपास. तेव्हापासून वजन, माप, कापड, भाव यातलं काहीही मी स्वतः मोजल्याशिवाय किंवा विचारल्याशिवाय बाहेर जात नाही. आणि टॉवेल-टोपी? आहेराची हो! तर त्याचं ह्यानं "टॉवेल आणि टोपीचा स्टायलिश कॉम्बो" केलं होतं. हसून मेलो.

पण खरा झटका गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, बसला. होम मैदानावर स्टॉल, पेंटर ब्रश घेऊन उभा, अण्णा म्हणाले बोर्डावर काय लिहायचं ते पटकन सांग. गर्दीत नेट चालेना, आणि मला चार शब्द सुचेनात, खरंच सांगतो, नुसता मोबाईल वर धरून रेंज शोधत होतो. शेवटी अण्णाच पेंटरला म्हणाले, "लिही, उचलून बघा, मग भाव विचारा." संपलं. आणि लोक खरंच येऊन चादर उचलून बघायला लागले. ह्या माणसाच्या शेजारी मी रोज बसत होतो आणि गिऱ्हाईकाशी तो काय बोलतो ते कधी कान देऊन ऐकलं नव्हतं, स्क्रीनला मात्र दिवसभर विचारत होतो.

तिथून पद्धत बदलली. आता आधी जुन्या बिलाच्या पाठीमागं दहा ओळी स्वतः खरडतो, त्यातल्या आठ भंगार असतात, असू देत. मग एआयला सांगतो, तू लिहू नकोस, तू पंढरपूरकडची एक बाई आहेस, लेकीच्या लग्नात आहेराला 20 टॉवेल पाहिजेत, माझी ओळ वाचून तुला काय विचारावंसं वाटतं? ह्या कामात मात्र तो लै भारी आहे. रंग जातो का, पहिल्या धुण्यात आटतो का, डझनच घ्यावा लागतो का सुटे मिळतात, असले प्रश्न काढतो, आणि निम्म्यांची उत्तरं माझ्या जाहिरातीत नसतातच. मग ती अण्णांकडून आणायची आणि परत लिहायचं. वेळ जातो, पहिल्यासारखं चहाच्या आत होत नाही.

अक्षरं मोजायला सांगूच नका. गुगलच्या जाहिरातीची हेडलाईन 30 अक्षरांत बसवावी लागते. "सोलापुरी चादर, थेट मागावरून तुमच्या घरी" हे म्हणे 28. मोजलं तर 39! कारण काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं धरलं जातं, "सोलापुरी" बोलायला चार आणि मोजायला आठ. शेवटी "तुमच्या घरी" मीच उडवलं, 27 मध्ये बसलं, आणि वाचायला पण तेच बरं वाटतं.

शुद्धलेखन तपासायला, एकाच मजकुराचे छोटे-मोठे साईज करायला, इंग्रजी ईमेलला अजूनही डोळे झाकून नाही पण रोज वापरतो. पैसे भरायचं मार्चपासून बंद केलं, माझ्या कामाला फुकटातलं पुरतं. ज्याला रोज ढिगानं मजकूर काढायचाय त्यानं घ्यावं. पण नवीन शिकणाऱ्यानं पहिले दोन-तीन महिने तरी आधी हातानं लिहावं असं माझं मत, नाहीतर पेंटर उभा राहतो.

काल नवीन चादरीसाठी लिहिलं, "जड आहे, थंडीत कळेल." एआय म्हणतो "जड" हा शब्द नकारात्मक वाटतो, "प्रीमियम वजनदार अनुभव" करा. अण्णांना दोन्ही वाचून दाखवलं. दुसरं वाचून होईपर्यंत ते उठून गिऱ्हाईकाकडं गेले होते. "जड"च ठेवलंय.