घरचं खासगी की पुण्याचं सरकारी?

बारावीनंतर इंजिनिअरिंगला सोलापुरातलं खासगी विनाअनुदानित कॉलेज घ्यायचं की पुण्यातलं सरकारी? फीचा आकडा पाहिला तर सरकारीच स्वस्त, त्यात वादच नाही. पण हॉस्टेल मिळालं नाही तर पुण्यात कॉट बेसिसची खोली, तिचं डिपॉझिट, महिन्याची मेस, सणावाराला हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट. हा खर्च माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो, आणि तो दर महिन्याला खिशातूनच जातो.

घरी राहिलं तर डबा आईचा, फार तर पेट्रोल. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तिच्यात शिक्षण शुल्क वेगळं आणि विकास शुल्क वेगळं, हे नीट बघा. सरकारी सवलत मुख्यतः शिक्षण शुल्कावर असते.

मुलींचं गणित मात्र पार बदललंय. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग), ओबीसीतल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच, की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की विषय संपला. अशा मुलीला माझ्या मते सोलापूरच परवडतं. मुलाला सरकारी जागेसोबत हॉस्टेलही मिळत असेल, तर खुशाल पुणं गाठा. उत्पन्नाचा दाखला तेवढा आधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रात रांग लागते.