बदलापूरच्या फ्लॅटबद्दल विचारणाऱ्या वकीलबाई

"जगात कुठेही, कधीही, तुमच्या दोघांपैकी कुणाच्या नावावर घर होतं का? नुसता वाटा असला तरी सांगा."

वकीलबाईंनी पहिल्याच फोनवर हे विचारलं आणि नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. बदलापूरला वन बीएचके आहे. २०११ साली सासऱ्यांनी घेतला, तेव्हा करारात दुसरं नाव याचं घातलं, आणि सुरुवातीचे हप्ते याच्याच पगारातून गेले. तिथे सासू-सासरे राहतात. तो आमचा फ्लॅट आहे असं आमच्या डोक्यातही कधी आलं नव्हतं. इंग्लंडमध्ये आम्ही स्वतःला बिनधास्त 'पहिल्यांदाच घर घेणारे' म्हणत होतो, आणि आधीच्या वकिलांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये त्या चौकोनात टिकही करून बसलो होतो.

त्या आधीच्या वकिलांबद्दल थोडं सांगते. रेडिंगजवळ टाइलहर्स्टला ३ लाख ६५ हजार पौंडांचं घर आम्ही पसंत केलं. आमची ऑफर मान्य झाली त्याच दिवशी इस्टेट एजंटने एका मोठ्या कंपनीचं नाव सुचवलं. ६९५ पौंड अधिक व्हॅट, सगळं ऑनलाइन, काम झालं नाही तर फी नाही. स्वस्त वाटलं म्हणून घेतलं. एजंटला त्यांच्याकडून शिफारशीचे पैसे मिळतात, हे त्याच्या कागदावर बारीक अक्षरात होतं, पण ते मी नंतर वाचलं. पाच आठवड्यांत आमची फाइल तीन जणांच्या हातातून गेली. फोन लावला की दरवेळी नवीन माणूस, आणि त्याला मी पहिल्यापासून सगळं सांगायचं. काउन्सिल (इथली नगरपालिका), पाणी-सांडपाणी आणि पर्यावरण यांच्या सर्चचे, म्हणजे घराबद्दलच्या अधिकृत चौकशांचे, पैसे त्यांनी पहिल्या दिवशीच घेतले होते. पाचव्या आठवड्यात मी हट्टाने विचारलं तेव्हा कळलं की त्या सर्च अजून मागवलेल्याच नाहीत. शिवाय नातेवाइकांकडून पैसे येणार म्हणून ७५, ओळख तपासायचे वेगळे, बँकेत पैसे पाठवायचे वेगळे. बेरीज केली तेव्हा ६९५ चा आकडा दुपटीच्या जवळ गेला होता.

आपल्याकडून आलेल्यांना इथली एक गोष्ट पचायला वेळ लागतो. टोकन दिलं, सौदा पक्का झाला, असं इथे नसतं. करारांची अदलाबदल, म्हणजे एक्स्चेंज, होईपर्यंत विकणारा कधीही मागे फिरू शकतो, दुसऱ्या कुणाची जास्त ऑफर घेऊ शकतो. वकील झोपला तर घर जातं. आपण दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जाऊन फोटो काढतो, अंगठा देतो, तसंही इथे काही नाही. शेवटपर्यंत वकिलाचं तोंड न बघता घर घेता येतं. म्हणूनच समोर कोण आहे याला एवढी किंमत.

सहाव्या आठवड्यात वकील बदलला. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने या बाईंचं नाव दिलं. रेडिंग स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर चार-पाच जणांचं छोटं ऑफिस. फी १,३५० अधिक व्हॅट, म्हणजे १,६२०. मी आधी तीन गोष्टी तपासल्या. वकिलांवर देखरेख करणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या साइटवर त्यांची नोंद आहे का, लॉ सोसायटीच्या कन्व्हेयन्सिंग (घराच्या खरेदी-विक्रीचं कायदेशीर काम) क्वालिटी स्कीममध्ये त्या आहेत का, आणि आम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य वकिलांच्या यादीत, त्या आहेत का. यातली तिसरी विसरू नका. पॅनेलवर नसतील तर बँक स्वतःचा वेगळा वकील लावते आणि तो खर्चही आपल्याच गळ्यात पडतो. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर नावाचेही लोक असतात, तेही हे काम कायदेशीरपणे करतात, त्यांची नोंद कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सकडे बघायची.

आता बदलापूर. इंग्लंडमध्ये घर घेताना स्टॅम्प ड्यूटीत पहिल्यांदा घेणाऱ्यांना सूट आहे. १ एप्रिल २०२५ पासून ३ लाख पौंडांपर्यंत शून्य, आणि ३ ते ५ लाखांमधल्या रकमेवर ५ टक्के. आमच्या घराला ३,२५० पौंड. पण अट अशी की घेणाऱ्यांपैकी कुणाच्याही नावावर जगात कुठेही कधीही घर नसलं पाहिजे. वारसाने आलेलं असलं तरी ते मोजतात. बदलापूरमुळे आमची सूट गेली आणि ड्यूटी ८,२५० वर गेली. सरळ ५,००० पौंडांचा फरक. माझ्या एकटीच्या नावावर घ्यायचा विचार केला, पण एका पगारावर तेवढं कर्ज मिळत नव्हतं.

खरी धडकी पुढच्या वाक्याने भरली. दुसरं घर आहे म्हणून ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के जादा लागतो, म्हणजे आमच्यासाठी आणखी १८,२५०. तेवढे पैसे आमच्याकडे नव्हतेच. मग त्यांनी शांतपणे विचारलं, त्या फ्लॅटची आजची किंमत काय? तीसेक लाख, म्हणजे साधारण २६ हजार पौंड. ४० हजार पौंडांखालचं घर या जादा करात धरत नाहीत. "पण तुमच्या तोंडी आकड्यावर मी फॉर्म भरणार नाही," असं म्हणून त्यांनी मूल्यांकनाचा दाखला मागितला. सासऱ्यांनी बदलापूरहून सरकारमान्य व्हॅल्युअरकडून तो काढून पाठवला. करारात नावं कशी आहेत तेही त्यांनी आमच्याकडून इंग्रजीत लिहून घेतलं. हा कराचा फॉर्म आपल्या नावाने जातो. चूक झाली तर व्याज आणि दंड आपल्याला. आधीच्या कंपनीत त्या टिकनंतर कुणीही एक अवाक्षर विचारलं नव्हतं.

पैशांचा उगम हा दुसरा मोठा विषय. आई-बाबा आम्हाला मदत करणार होते. वकीलबाईंनी सहा महिन्यांची स्टेटमेंट, मुदत ठेवीची पावती, दोघांच्या पासपोर्टची प्रत, आणि 'ही भेट आहे, घरात आमचा हिस्सा नाही' असं सहीचं पत्र मागितलं. बाबांना राग आला. "चाळीस वर्षं नोकरी केली, आता मी पैसे कुठून आणले ते त्या बाईला सांगू?" मी वकीलबाईंना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. एक पानभर साध्या इंग्रजीत लिहून पाठवलं, की मनी लाँडरिंगच्या कायद्यामुळे हे प्रत्येकाला विचारावं लागतं, स्वतःच्या भावालासुद्धा विचारलं होतं. ते मी बाबांना फोनवर मराठीत वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पासबुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो आला. माहितीसाठी सांगते, एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली भारतातून बाहेर पैसे पाठवताना वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेलं की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, आणि ही मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी असते. आई आणि बाबांनी आपापल्या खात्यातून साडेनऊ-साडेनऊ लाख पाठवले.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र एका शनिवारची. घर ओळीतलं आहे, शेजाऱ्यांना भिंतीला भिंत लागून. वकीलबाईंनी लँड रजिस्ट्रीचा नकाशा छापून दिला, त्यावर आमची हद्द लाल रेघेने आखलेली. म्हणाल्या, हा हातात घेऊन मागच्या बागेत उभे राहा आणि रेघ कुठून जाते ते बघा, मला इथे बसून दिसत नाही. आम्ही टेप घेऊन गेलो. लाल रेघ कुंपणाच्या आत एक मीटरवर संपत होती, आणि विकणाऱ्याची लाकडी शेड पूर्णपणे तिच्या पलीकडे. ती पट्टी म्हणजे मागची वाट होती, शेजारच्या तीन घरांना कचऱ्याचे डबे बाहेर न्यायचा तिच्यावर हक्क. शेड आमच्या गळ्यात पडली असती आणि भांडणही. वकीलबाईंनी एक्स्चेंजच्या आधी ती काढून कुंपण मागे घ्यायला लावलं. मागच्या स्वयंपाकघराच्या वाढीव बांधकामाचा काउन्सिलचा दाखलाही विकणाऱ्याकडे सापडत नव्हता. "सापडत नाही म्हणजे नाही का?" असं विचारून त्यांनी तो काउन्सिलकडून मिळवला.

डिपॉझिटचे ३६,५०० पाठवायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. आमच्या खात्याचा नंबर ईमेलने कधीच बदलून येणार नाही, तसा आला तर तो चोराचा समजा. आम्ही आधी एक पौंड पाठवला, ऑफिसच्या नंबरवर फोन करून पोचल्याची खात्री केली, मग बाकीचे.

तक्रारीही आहेत. बुधवारी त्या नसतात आणि मागे कुणी उत्तर देत नाही. पाचनंतर फोन उचलत नाहीत. सह्या सगळ्या शाईच्या, कागद पोस्टाने, त्यामुळे दोनदा दोन-दोन दिवस गेले. बँकेतून पैसे पाठवायचे दरवेळी ४५ पौंड लावतात, जे मला जास्त वाटतं. त्यांच्याकडे गेल्यापासून किल्ली हातात येईपर्यंत चौदा आठवडे लागले. घाईत असाल तर हे आधी बोलून घ्या. तरीही मी पाचपैकी साडेचार देईन, आणि माझी बहीण पुढच्या वर्षी घर बघणार आहे, तिला याच बाईंचा नंबर दिला आहे. बहिणीच्या नावावर नाशिकला आजीच्या घराचा वाटा आहे, ते पहिल्या फोनवरच सांग म्हटलंय.

गेल्या आठवड्यात लँड रजिस्ट्रीचा आमच्या नावाचा उतारा पोस्टाने आला. बाबांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन, "सोबत नकाशा आहे ना? लाल रेघ नीट दाखव."