सोलरची टाकी धुऊन देणारे तेल्हाऱ्याचे मिस्त्री

आमचं गाव तेल्हारा तालुक्यात, म्हणजे भर खारपाणपट्ट्यात. प्यायला वान धरणाचं पाणी येतं, पण ते जपून वापरावं लागतं. त्यामुळे गच्चीवरच्या पाणी तापवायच्या सोलरला बोअरचंच पाणी जोडलेलं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता, तेव्हा आमच्याकडेही हाडं गोठली होती. त्या थंडीनंतर हा दोनशे लिटरचा, वीस काचेच्या नळ्यांचा सोलर घेतला. सासूबाई आता ब्याऐंशीच्या आहेत, आणि कार्तिकात काकड्याला जायचं म्हणजे पहाटे पाचला आंघोळ त्यांना हवीच.

मागच्या हिवाळ्यात पहाटे जेमतेम एक बादली कोमट पाणी यायचं. त्याच्याही आधी एकाकडून टाकी धुऊन घेतली होती. त्याने संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलं आणि तासाभरात पैसे घेऊन गेला. पुढे टाकी एका बाजूने पाझरायला लागली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणूनच या मिस्त्रींबद्दल सविस्तर लिहिते आहे.

कोजागिरीनंतर फोन केला. त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, "काकू, आज सकाळीच नळ्यायवर ताडपत्री टाकून ठेवा, अन् गरम पानी संध्याकाळपर्यंत वापरून घ्या." दुसऱ्या दिवशी साडेसहाला ते दारात. इतक्या लवकर का, विचारलं तर म्हणाले, "उन्हात नळी तापते. तिच्यात थंड पानी गेलं का फुटून जाईन."

त्यांनी आधी थंड पाण्याचा कॉक बंद केला, पण खालचा कॉक लगेच उघडला नाही. टाकीवरची हवेची उभी नळी तपासली. ती क्षाराने पार बुजलेली होती! तशीच टाकी सोडली असती तर पाणी खाली जाताना हवा आत शिरायला वाटच नव्हती, आतला पत्रा चेपला असता. तारेने ती नळी मोकळी केली, मगच पाणी सोडलं. मला या माणसाचा भरवसा वाटला तो तिथेच.

नळ्या एकेक फिरवून काढल्या. रबरी रिंगांना साबणाचं पाणी लावत होते, ओढाताण नाही. प्रत्येक नळीच्या बुडाशी वीतभर पांढरा खडा बसलेला, सगळा मिळून दीड घमेलं निघाला. त्यांनी समजावून सांगितलं की नळीत गरम पाणी वर चढतं आणि थंड खाली उतरतं, त्यावरच हे यंत्र चालतं. बूड बुजलं की तेवढी नळी कामातून गेली. एका नळीच्या टोकाचा चंदेरी रंग पांढरा पडला होता. म्हणजे तिच्यातली निर्वात पोकळी संपली, तीही बदलली.

अ‍ॅसिडऐवजी त्यांनी लिंबाचं सत वापरलं, ढोकळ्यात घालतो तेच, कोमट पाण्यात कालवून. दोन तास तसंच ठेवलं, मग दोनदा खळबळून धुतलं. ते पाणी तुळशीकडे जाऊ नये म्हणून पाइप धरून नालीत सोडलं, हे मला न सांगता केलं. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा बाहेर काढून दाखवला, तर झिजून तारेएवढा राहिला होता. हा दांडा स्वतः झिजतो आणि टाकीचा पत्रा वाचवतो. आमच्या पाण्यात तो दरवर्षी बघायला हवा, असं ते म्हणाले. आधीच्या माणसाने याचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

माझा भाचा कॅनडात आहे. त्याच्याकडे घरामागच्या पोहण्याच्या तलावाचा हीटर थंडीआधी असाच रिकामा करतात. तिथलं कारण वेगळं, आत राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि तांब्याच्या नळ्या फाटतात. आपल्याकडे गोठायची भीती नाही, पण खारं पाणी वर्षभर आतून खातच असतं.

साडेअकराला ताडपत्रीखालीच टाकी भरली, आणि मगच ताडपत्री काढली. धुण्याचे नऊशे, नळी आणि दांड्याचे वेगळे. पाझरणारा सांधा त्यांनी बंद केला, पण तो किती टिकेल याची हमी दिली नाही, तसं तोंडावर सांगितलं.

तक्रार दोनच. नवा दांडा त्यांच्याजवळ नव्हता, तो बसवायला आठ दिवसांनी आले. आणि पावती देत नाहीत, मी वहीत लिहून त्यांची सही घेतली. कापूस वेचणी सुरू झाली की तेही शेतात असतात, फोन उचलत नाहीत. तेव्हा दसरा झाला की लगेच सांगून ठेवा, आणि दांडा सोबत आणायला लावा.

काल पहाटे सासूबाईंनी न्हाणीतून हाक मारली, "सूनबाई, विसण आण वं, चटका लागते."