५०० ग्रॅम द्राक्षांचा डबा, वर्षभर एकाच दुकानातून घेतलेला: ५ पैकी ३.५

लंडनला घराजवळच्या सुपरमार्केटातून (नाव नाही घेत, उगाच कशाला) मी वर्षभर बिनबियांच्या हिरव्या द्राक्षांचा डबा आणतोय. गाव निफाड तालुक्यात, घरची बाग, त्यामुळे बाकीचे किंमत बघतात तेव्हा मी डबा उलटा करून देश बघतो.

डबा तोच, लेबलची डिझाइन तीच, पण आतला माल दर दीड-दोन महिन्यांनी देश बदलतो. जून-जुलैला इजिप्त, मग शरदापर्यंत स्पेन, नंतर ब्राझील नि पेरू, डिसेंबरात नामिबिया, जानेवारीपासून साउथ आफ्रिका, फेब्रुवारी-मार्चला आपण आणि मागोमाग चिली. चवीत स्पेन एक नंबर, कडक मणी. पेरूचा मणी मोठा पण नुसतं गोड पाणी. आपल्या थॉमसन जातीच्या द्राक्षाची साल पातळ, आंबटगोड, खाल्लं की घर आठवतं, फक्त देठ सुकलेला निघतो आणि त्याला कारण पण आहे, २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि पुढच्या सीझनला न्हावाशेवा बंदरातले कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून आले, दहा-पंधरा दिवस जास्तीचे, मग देठ हिरवा राहणार कसा.

किंमत? दुकानात दोन पाउंडाच्या आसपास, देश कुठलाही असो. हे मला सगळ्यात खटकतं, कारण तिकडे बागेत रेट आठवड्याला बदलतो. आफ्रिकेचा माल लवकर आटपला आणि चिलीचा अजून पोचला नसला की आपल्याला चांगला भाव, आफ्रिका लांबली की इकडची कोल्ड स्टोरेज भरलेली, व्यापारी लगेच किलोमागे रुपये कापतो. मेमध्ये इजिप्त सुरू झाला की आपलं दुकान बंद. त्यात नाशिकवाले बहुतेक सगळे ऑक्टोबरच्या आसपास छाटणी घेतात म्हणजे मार्चला सगळ्यांचा माल एकदम. सटाण्याकडचे जून-जुलैला छाटून डिसेंबरचा रेट धरतात, पण परतीच्या पावसानं मणी तडकले तर सगळंच गेलं. ब्राझीलच्या पेट्रोलिना भागात थंडीच नाही, नदीचं पाणी आहे, त्यामुळे तिथले कधी छाटायचं ते बाजार बघून ठरवतात, हे सांगितल्यावर घरची बाग बघणारे नाना म्हणाले, "मंग त्यांचं बरंय राव."

सीझनला नानांचा फोन आला की पहिला प्रश्न माझ्या तब्येतीचा नसतो, "आफ्रिका सपली का रे तिकडं?" असतो. गेल्या मार्चला रॅकवर आफ्रिका दिसली नाही म्हणून मी सपली सांगून बसलो, नानांनी चार दिवस सौदा धरून ठेवला, आणि दुसऱ्या आठवड्यात इथे परत आफ्रिकेचे डबे थप्पीनं. व्यापारी आला तो रेट पाडूनच. तेव्हापासून नाना माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत, फोटो मागतात.

अर्धा स्टार कापला देशाचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात छापतात म्हणून, एक कापला देठासाठी. मार्चमध्ये घेणार असाल तर डबा उलटा करा, इंडिया दिसलं तर आधी देठ बघा, हिरवा असला तर दोन उचला.